द्वारका रोड

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सर्व्हिसिंगसाठी
मी अंबडहून विहितगावला जातो.
कॉलेज रोडच्या टॉवरांमधल्या लिफ्ट मला ओळखत नाहीत,
तिथे मी रजिस्टरातली एक सही.
इथे मात्र फाटकातच
बोराडेअण्णा हिरवी झेंडी घेऊन उभे.

फाटकापासून घर बेचाळीस पावलं.
पण चालायचं नाही.
पेरूंच्या मधून रूळ टाकलेत,
जुन्या ट्रामचे आहेत, असं भद्रकालीतला भंगारवाला म्हणतो,
खरं-खोटं त्याचं त्याला.
ट्रॉलीवर एक बाक, बाकावर मी, मांडीवर पान्यांची पेटी.
अण्णा पुठ्ठ्याच्या तिकिटाला भोक पाडतात:
"जपून ठेव. बाहेर पडताना मागेन."
आणि मागतातच.

पोर्चमध्ये पिवळी पाटी, काळी अक्षरं:
द्वारका रोड.
समुद्रसपाटीपासून उंची ५६१.४० मीटर.
मी पहिल्यांदा हसलो. म्हटलं, अण्णा,
द्वारका तर तिकडे, सर्कलला, उड्डाणपुलाखाली.
ते म्हणाले, "रोड म्हटलंय ना?
नाशिक रोडला उतरून कधी नाशिक आलंय का?
रोड म्हणजे अजून थोडं राहिलंय."

जे राहिलं होतं ते वर होतं.
जाळीचा दरवाजा, दोन माणसांची लिफ्ट,
तीन मीटर पंचेचाळीस सेंटिमीटरचा प्रवास,
आणि वरच्या पाटीवर नुसतं: द्वारका.
तिथे द्वारकाबाई, दोन्ही गुडघे गेलेले,
म्हणतात, "माझ्या नावाचं स्टेशन केलं,
मला विचारलं का?"
खाली यायला त्या अजून तयार नाहीत.

एकतीस वर्षं अण्णा बँकरवर होते.
कसाऱ्याला गाडीच्या शेपटाला इंजिन लावायचं,
घाटभर मागून रेटायचं,
इगतपुरीला सुटायचं, रिकामं परत खाली.
गाड्या पुढे गेल्या, भुसावळ, नागपूर, हावडा.
यांचं वर, खाली. वर, खाली.
"मग लिफ्टच की," मी एकदा बोलून गेलो.
ते बराच वेळ काउंटरवेटकडे बघत राहिले,
माझ्या चहात साखर घालायची राहिली.

जानेवारीतल्या एका शनिवारी लाईट गेली.
द्वारकाबाईंचा फोन:
"तुमची गाडी आउटरला उभी आहे. या सवडीने."
पोचायला पाऊण तास लागला, सर्कलमुळेच.
पाहतो तर लिफ्ट अधांतरी,
अण्णांचं डोकं वरच्या फरशीच्या पातळीला,
आणि जाळीपलीकडे, हातभर अंतरावर,
द्वारकाबाई वाटाणे सोलत बसलेल्या.
चार वाटीत, एक जाळीतून आत.
अण्णा तोंड उघडून तयार.

"काढू ना?" मी विचारलं.
"थांब जरा. नोकरीत आउटरला गाडी थांबली
की मी घड्याळ बघायचो.
हे काही बघितलंच नाही."
हे म्हणजे काय, ते सांगितलं नाही.
त्यांच्या डोळ्यांसमोर तेव्हा
फक्त खुर्चीचे पाय होते
आणि तिच्या भेगाळलेल्या टाचा.

मी पेटीवर बसून राहिलो.
माझी घरी जायची वेळ झाली होती.
वाटाणे संपले, तेव्हा गच्चीवर गेलो,
ब्रेक सैल करून मोटारीचं चाक हाताने फिरवू लागलो.
शाफ्टमधून आवाज आला:
"हळू रे. धक्का देऊ नको. गाडीत माणसं असतात."

मग जाळी सरकल्याचा आवाज,
आणि बाईंचा:
"आलात? उतरा आता."

पुढच्या मंगळवारी तळाच्या खड्ड्यात
ग्रीस लावायला वाकलो,
तर वाटाण्याच्या टरफलांचा हा ढीग,
वाळलेला, बोटांत चुरा होणारा.
एका शनिवारचा इतका नसतो.
रजिस्टरात बिघाडाचा रकाना असतो.
तो मी कोरा सोडला.